चारीवरचं पोपटी जाकीट

१

रोज सकाळी नवाच्या टायमाला मी माळवदावर चढायचे आन् मालक कुठवर आले ते बघायचे. कॅनॉलच्या कोरड्या चारीजवळ पोपटी ठिपका दिसला की खाली उतरायचं आन् चुलीवर तवा टाकायचा. पहिली भाकर फुगेपर्यंत घोडी दारात. असं तीन महिने चाललं. त्यात गूढ-बिढ काय न्हाई, संसार हाय.

घोडी कावून, ते सांगते. दुष्काळाचं दुसरं वरीस. वाडीतली निम्मी जनावरं चारा-छावणीत गेलती. उरलेल्या म्हशींचं दूध मिळून कसेबसे दोन कॅन भरायचे. तालुक्याच्या दूध संघानं आमचा टेम्पो बंद केला. मी छबुबाई, आमच्या वाडीच्या बायांच्या दूध सोसायटीची सेक्रेटरी. मी थेट संघाच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. साहेब म्हणला, "बाई, दोन कॅनासाठी डिझेल जाळू का? सिरसाळ्याला चिलिंग सेंटरवर तुमचं तुमी पोचवा." पोचवा! आमच्या बापाची विमानं उभी हायेत जणू.

मग सिरसाळ्याचे खाजामियाँ आले. लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा त्यांचा धंदा. दुष्काळात लोक देवळासमोर पाच माणसांत लग्नं उरकाय लागले, वराती बंद. खाजामियाँ घोडी घेऊन छावणीवर गेले तर तिथला कारकून कागद बघून म्हणतो, यादीत गाय हाय, बैल हाय, म्हैस हाय, घोडं न्हाई. म्हणजे घोड्याला भूक न्हाई का? खाजामियाँनी घोडी आमच्या दारात आणून बांधली आन् म्हणले, "भाभी, तुमच्या बोरला पाणी हाय अजून. हिला जगवा. काम घ्या, पण जगवा." तेव्हापासून मालक घोडीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून सिरसाळ्याला जाऊ लागले.

मालकांचं नाव आश्रुबा. मी नाव घेते, रजिस्टरात रोज लिहावं लागतंय. असला भांडखोर माणूस पंचक्रोशीत न्हाई. मी पूर्व म्हणलं की ते पश्चिम म्हणणार. मीठ कमी पडलं तर भांडण, जास्ती झालं तर भांडण, बरोबर पडलं तर "आज कसं काय जमलं?" म्हणून भांडण. एखादा दिवस आमच्या घरातून आवाज आला न्हाई तर शेजारची भिवराबाई येऊन विचारायची, "बरं न्हाई का गं?" वीस वर्षं आमी असे नांदलो. मला तो माणूस जिवापाड प्यारा व्हता, आन् हे मी त्यांना एकदाबी सांगितलं न्हाई.

ते जाकीट मीच आणलं. साखर कारखान्यानं सुरक्षेचा आठवडा का काय तो केला आन् उसाच्या गाडीवानांना जाकिटं वाटली. डोळ्यात घुसणारा पोपटी रंग, वर चंदेरी पट्ट्या. ऊस कुठं हाय? ऊस न्हाई, गाड्या न्हाईत, पण जाकिटं आली. गाडीवानांनी ती नेऊन बुजगावण्यांना घातली, हरणं येऊ नयेत म्हणून. सटवाच्या वावरात एक, अर्जुनरावाच्या वावरात एक, मारुतीच्या देवळामागं एक. माणसं उघडी आन् लाकडं नटलेली, असली आमची अक्कल. वाटेत डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, त्यावरून पाण्याचे टँकर जीव घेतल्यासारखे पळत्यात, म्हणून मी कारखान्याच्या गेटवर भांडून एक जाकीट मालकांसाठी आणलं.

"मी काय नवरदेव हाय का, रंगीत घालून घोडीवर बसायला?" मालक म्हणले.

तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी घातलं त्यांनी, शिव्या देत.

२

चैत्रातली गोष्ट. मी माळवदावरून ठिपका बघितला, खाली आले, तवा टाकला. एक भाकर झाली, दोन झाल्या. घोडी न्हाई. वर जाऊन बघितलं तर ठिपका चारीवरच उभा. म्हणलं, बसले असतील कुणासंगं गप्पा हाणत. खाली आले तर तिसरी भाकर करपलेली. डोकं फिरलं माझं. परत वर गेले. ठिपका तसाच. हाक मारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात खालून आवाज आला.

"काय बघतीस?"

मालक दारात व्हते. घोडीवरून उतरलेले, अंगात जाकीट, रिकामे कॅन खाली ठेवत व्हते.

मी चारीकडं बघितलं. ठिपका तिथंच.

"तुमी कुठून आलात?"

"चारीवरून. दुसरी वाट हाय का?"

मी वरूनच बोट दाखवलं. मालक शिडी चढून वर आले. डोळ्यावर हात धरून बघितलं, मग फेट्याच्या शेवानं मान पुसली. "त्यो व्हय," म्हणले. "आठ दिवस झाले त्याला. माझ्यापुढं चालत असतो."

"कोण?"

"काय म्हाईत कोण. घोडीवर असतो. असंच जाकीट. तोंड इकडं करत न्हाई. मी हाका मारल्या, शिव्या हाणल्या. वळत न्हाई."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, दारू पिऊन आले."

मी तेच म्हणले.

३

भुतंखेतं मी मानत न्हाई. मी फॅट बघून दूध घेणारी बाई हाय. डोळ्यांना दिसतं ते मोजायचं, न्हाई दिसत ते सोडायचं. मला वाटलं, कुणीतरी बुजगावणं उचलून चारीवर रोवलं असणार. दुपारी विळा घेऊन गेले. म्हणलं, असलं तर कापूनच आणते.

आधी तिन्ही बुजगावणी बघितली. तिन्ही आपापल्या जागी. माझ्या खांद्याएवढी उंच. मी वरून बघितलेला ठिपका त्यांच्यापेक्षा बराच उंच व्हता, घोडीवर बसल्यावर माणूस जेवढा दिसतो तेवढा.

चारीवर फुफाटा पिठासारखा. त्यात आमच्या घोडीचे खूर, जातानाचे आन् येतानाचे. दुसरं काहीच न्हाई. काठी रोवल्याचं भोक न्हाई, माणसाचं पाऊल न्हाई. मी वळणार तेवढ्यात कडेला दोन गोल दिसले. शेजारी शेजारी, कॅनाच्या बुडाएवढे, खोल उमटलेले. भरलेल्या कॅनाचे. रिकाम्या कॅनाचा असा वळ उठत न्हाई, हे मला कुणी शिकवायला नको.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणलं, सापडला चोर. मालक चारीवर कॅन उतरवत्यात आन् कुण्या हॉटेलवाल्याला दूध घालत्यात, आन् मला बनवायला ही घोडेस्वाराची कहाणी. अकरा बायांचं दूध! घरापर्यंत मी चालले न्हाई, पळाले.

"लाज वाटती का?" मी दारातूनच सुरू केलं. "चारीवर कुणाला दूध घालता?"

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, हीच मोठी गोष्ट. मग म्हणले, "छबे, डोकं हाय का खोकं? भरलेला कॅन एकट्याला घोडीवर चढतो का? रोज सकाळी तू खालून रेटा देतीस तेव्हा चढतो. मी चारीवर उतरवला तर परत चढवून कोण देणार?"

खरं व्हतं. चाळीस लिटरचा कॅन, वर पितळी कड्या. दोन माणसं लागतात.

"मग त्याला कोण चढवून देतं?" मी म्हणले.

मालकांनी उठून दाराला कडी घातली. सांजच्याला भिवराबाई कडी वाजवून विचारून गेली, "बरं न्हाई का गं?"

४

चार दिवसांनी खाजामियाँ घोडीला बघायला आले. घोडी त्यांच्या हाताला तोंड लावायची, आज लावलं न्हाई. ती चारीकडं कान करून उभी.

"ही अशी कावून करती?" मी विचारलं.

खाजामियाँनी तिच्या मानेवरून हात फिरवला. मालकांना म्हणले, "आश्रुबाभाई, खरं बोला. वाटेनं हिच्यापुढं कुणी चालतं का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग सगळं सांगितलं.

खाजामियाँ ओट्यावर बसले. "ही वरातीची घोडी हाय," म्हणले. "मी शिकवलीय. वरातीत हिच्यापुढं माझा माणूस चालायचा, चमकीचा सदरा घालून. त्याच्या पाठीवर नजर ठेवून ही चालती. बँड वाजू द्या, फटाके फुटू द्या, हलायची न्हाई. त्यो थांबला की ही थांबती, त्यो वळला की ही वळती. नवरदेवाच्या हातातला लगाम नुसता फोटोसाठी असतो, भाई."

"म्हणजे?"

"म्हणजे दहा-बारा दिवस तुमी घोडी चालवत न्हाई. पुढचा चालवतोय."

मालक हसले न्हाईत. फेटा काढून मांडीवर ठेवला आन् म्हणले, "कालपासून त्यो चारी सोडायला लागलाय. डांबरीकडं वळतोय. मी लगाम वढून वढून हाताला घट्टे पडले."

डांबरी म्हणजे टँकरांचा रस्ता. सिरसाळ्याकडून भरून येणारे, वाड्यावस्त्यांना खेपा करणारे.

"मी घोडी परत नेतो," खाजामियाँ म्हणले. "आत्ता नेतो, पायी."

आन् मी न्हाई म्हणले. हे ध्यानात ठेवा, मी हे कुणाच्या माथी मारत न्हाई. मी म्हणले, "घोडी नेली तर उद्याचं दूध काय डोक्यावर नेऊ? बाया मला जित्ती ठेवतील का? संघानं टेम्पो बंद केला, छावणीवाल्यानं घोडी हाकलली, आन् आता तुमीबी निघालात? एक जाकीटवाला रस्त्यात दिसतो म्हणून सोसायटी बंद करू?" लई बोलले मी. मला राग त्यांचा नव्हताच. पण राग आला की समोर असतो त्याला खावा लागतो. खाजामियाँ गुमान उठून गेले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन चढवले. मालक जाकीट घालून रिकिबीत पाय टाकणार, तेवढ्यात मी पुढं झाले आन् जाकिटाची चेन खाली वढली.

"काढा हे."

"कावून?"

"त्यो तुमच्यासारखं घालून येतो ना? तुमी उघडे जा. बघू काय घालून येतो."

"तूच भांडून आणलंस!"

"मग मीच भांडून काढते!"

भर रस्त्यात आमची वढावढ. भिवराबाई दारात येऊन हसत व्हती. मालक म्हणले, "तुझ्यासारखी बाई सात जन्म नको." मी म्हणले, "हा सातवाच हाय, सुटाल." जाकीट माझ्या हातात आलं. मालक मातकट सदऱ्यावर घोडीवर बसले आन् वळणापर्यंत शिव्या देत गेले. मला बरं वाटलं. तोंड चालू हाय तोवर माणूस धड हाय, असं माझं गणित.

नऊला माळवदावर गेले आन् माझी चूक मला कळली.

मालक दिसत नव्हते. दिसणार कसे? दोन वर्षं पाऊस न्हाई, जमीन मातीच्या रंगाची, घोडी मातीच्या रंगाची, सदरा मातीच्या रंगाचा. त्या सबंध रानात मला माझा माणूस हुडकता येईना. डोळे फाडून बघितलं, चारीच्या अल्याड, पल्याड. काही हलत असंल तर ते झळ हाय का मालक, कळायला मार्ग न्हाई.

ठिपका मात्र दिसत व्हता. चांगला ठसठशीत, डांबरीवर. हळूहळू रस्त्याच्या उजव्या अंगानं चालत व्हता. आन् सिरसाळ्याच्या बाजूनं टँकरचा धुरळा उठलेला.

मी जाकीट उचललं आन् पळाले.

६

मी पोचले तेव्हा टँकर रस्त्यात तिरपा उभा व्हता. सिरसाळ्याला पोचलंच न्हाई ते दूध डांबरावर सांडून कडंच्या मातीत मुरत चाललेलं. मालक कडेला पडलेले, एका कुशीवर, डावा हात अंगाखाली. रक्त दिसलं न्हाई. घोडीला खरचटलंबी नव्हतं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून लांब पुढं बघत व्हती.

टँकरवाला हात जोडून उभा व्हता. "बाई, मला त्यो लांबून दिसला. पोपटी जाकीट, घोडीवर, उजव्या अंगाला. मी त्याला जागा दिली. गाडी डावीकडं घेतली. डावीकडं कुणी नव्हतं, बाई! आईशप्पथ कुणी नव्हतं!"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं ती घेतली. मग खाली बघत म्हणला, "मी नाडी बघितली. संपलं हाय, बाई."

संपलं म्हणे! सकाळी सात जन्म नको म्हणणारा माणूस असा मधीच संपतो का? मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या तोंडावर हात ठेवला, नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता. आन् मला जो राग आला तो मी सांगू शकत न्हाई. साहेबाचा, छावणीवाल्याचा, कारखान्याचा, टँकरवाल्याचा, माझा, आन् सगळ्यात जास्ती मालकांचा. माझं कधी ऐकलं न्हाई, आन् आजच कावून ऐकलं? आजच कावून काढू दिलं?

"घाला!" मी वरडले. "घाला जाकीट! हात घाला म्हणते ना!"

त्यांचा उजवा हात उचलून मी जाकिटात घातला. जड झालता. टँकरवाला म्हणत व्हता, बाई, राहू द्या, राहू द्या. डावा हात अंगाखाली व्हता. त्यांना पालथं करायला मी जोर लावणार, तेवढ्यात डावा हात आपणहून बाहेर आला. जाकिटाचं भोक बरोबर हुडकून आत गेला. मग उजव्या हातानं चेन धरली आन् गळ्यापर्यंत वर वढली.

टँकरवाला मागं मागं सरत केबिनच्या दाराला टेकला.

घोडीनं मान वळवून एकदा बघितलं. असली किंकाळी मी जनावराच्या तोंडून कधी ऐकली न्हाई. ती सिरसाळ्याच्या दिशेनं जी सुटली ती खाजामियाँच्या दारातच थांबली, असं मागून कळलं.

मांडीवरचं तोंड माझ्याकडं वळलं. मालकांचंच तोंड, तीच मिशी, तोच तुटका दात.

"उठता का?" मी म्हणले.

"बरं," तो म्हणला.

७

वाडी म्हणती, छबुबाई नशिबाची. भिवराबाईनं मारुतीला नारळ फोडला. डॉक्टर म्हणला, मुका मार हाय, आठवड्यात ठणठणीत.

ठणठणीत हायच. जेवतो. सांगितलं तर शेण काढतो, पाणी भरतो. मी वरणात मूठभर मीठ टाकलं, त्यानं ताट पुसून खाल्लं. मी म्हणले, "कसं झालंय?" तो म्हणला, "बरं." मी म्हणले, "तुमची आई लई खडूस व्हती." मालक असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. हा म्हणला, "बरं." मी ताट भिंतीवर फेकलं, रडले, त्याच्या छातीवर बुक्क्या हाणल्या. तो तसाच उभा.

जाकीट काढत न्हाई. त्यातच अंघोळ, त्यातच निजणं. एकदा मी चेनीला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं, हळूच, आन् म्हणला, "नको." सबंध महिन्यात एवढं एकच त्यानं नाकारलं.

हेबी मी सोसलं असतं. म्हणलं असतं, डोक्याला मार लागलाय, येईल हळूहळू. पण आवाज येतो.

सकाळी दूध जमा झालं की चारीच्या बाजूनं येतो. पहिल्या दिवशी मला भास वाटला. दुसऱ्या दिवशी शब्द कळले. "ए छबे! बहिरी झालीस का? जाकीट दे माझं! कुणाला दिसंना झालोय मी!" पाठोपाठ आईवरून, बापावरून, वीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या शिव्या, त्याच ठेक्यात. मी हातातलं टाकून पळत गेले. चारीपर्यंत उघडं रान. कुणी न्हाई. मातीच माती.

"कुठं हायसा?" मी वरडले. "पुढं या की!"

"तुझ्यापुढंच उभा हाय की, आंधळे!"

अगदी जवळून. मी दोन्ही हात पसरून चाचपत राहिले. हाताला उन्हाची झळ लागली, दुसरं काय न्हाई.

तेव्हापासून रोज जाते. आमी भांडतो. मी म्हणते, तुमी जाकीट काढू दिलंच कावून, ते म्हणत्यात, तू हात लावलासच कावून. पण आवाज बसत चाललाय. परवा निम्म्या शिव्या कळल्या न्हाईत. काल नुसतं "छबे" ऐकू आलं, तेबी लई लांबून. अजून दोन दिवस गेले तर तेबी यायचं न्हाई, हे मला कळतंय. मला माझा माणूस परत पायजे, भांडणासकट पायजे.

म्हणून आज विळ्याला धार लावली. चेन उघडू देत न्हाई तर जाकीट गळ्यापासून उभं चिरायचं. आत काय निघंल ते निघो. घरात आले तर तो चुलीजवळ उभा व्हता.

मी म्हणले, "हालायचं न्हाई. आज मी ते काढणार हाय."

तो नको म्हणंल म्हणून मी विळा घट्ट धरून उभी राहिले. एक कान चारीकडं दिला, तर आज नुसतं "छबे"बी आलं न्हाई.

"बरं," तो म्हणला, आन् मला नीट कापता यावं म्हणून त्यानं मान वर केली.